घट

पिंपळगावच्या बाजारात एकतीस वर्षं
ह्यांनी टोमॅटो नुसते मोजले.
क्रेट, वक्कल, भाव, गाडी नंबर.
एखाद्याचा वास घ्यायला
मान खाली केली असेल, असं वाटत नाही.

आता सिडकोत, चौथ्या मजल्यावर
द्राक्षांच्या थर्माकोल पेटीला तळाशी भोकं पाडून
चेरी टोमॅटोची दोन रोपं.
बांधायला सुतळी,
आधाराला जुन्या अँटेनाची दांडी.
एवढ्या उंच मधमाशी येत नाही म्हणे,
म्हणून चहाच्या आधी
एकेका फुलाच्या देठाला टिचकी मारतात,
झोपलेल्याला हलवावं
पण जाग येऊ नये, अशी.

जानेवारीत पारा पाचावर गेला.
रात्री माझी शाल सापडेना.
सकाळी दिसली, पेटीभोवती गुंडाळलेली.
बोलणार होते. राहू दिलं.

पहिला तोडा नऊ नग.
स्वयंपाकघरातला काटा हलेचना,
तरी वहीत तारीख, आवक, शेरा.

परवा शेजारच्या कुशारेंची रेवा आली
आणि न विचारता एक तोडून
तोंडात टाकला.
रस थेट हनुवटीवर.
"आजोबा, हा फुटतो!"
हे बघतच राहिले.
मग एक स्वतः तोडला,
सदऱ्याला पुसला,
आणि तोंड मिटून
बराच वेळ
सातपूरच्या चिमण्यांकडे बघत उभे.

रात्री वही उघडीच होती.
आवक सोळा. घट दोन.
पुढे शेऱ्यात काहीतरी लिहून
इतकं गिरवून खोडलंय,
मी दिव्यासमोर धरून पाहिलं,
तरी लागत नाही.