कारण नमूद करा

सोलापूर विद्यापीठातली पोरगी फॉर्म ठेवून गेली:
'रंगाचं पाणी शुद्ध करायचा प्लांट का बसवला?
एकाच चौकटीत खूण करा.'
कायदा. ग्राहक. खर्च. पर्यावरणाची जाणीव.

राजेशम शेठ हसले, चष्मा पुसला,
तेलुगूत काहीतरी पुटपुटले.

लिहा, म्हणाले, बोर्डाची नोटीस.
नको, ती तीन वर्षं कॅलेंडरमागेच होती.
लिहा, हॅम्बुर्गचा टॉवेलवाला,
ज्यानं सॅम्पलआधी नाल्याचा फोटो मागितला.
आणि मे महिन्यातला टँकर;
भाव विचारला की ड्रायव्हर
आधी इंजिन बंद करायचा, मग बोलायचा.
अन् अक्कलकोट रोडवर गड्डमनं आपल्याआधी बसवला,
गेटवर हिरवी पाटी लावली,
हे लिहा.
नको, राहू द्या.

मग बराच वेळ नुसती मागांची खडखड.

बोअरला गुलाबी पाणी लागलं त्या दिवशी
मी तिथंच होतो.
शेठनी ओंजळ भरली, उन्हात धरली,
आणि शेडचा नंबर सांगितला:
एकशेबारा.
बरोबर होता.

त्याला चौकट नव्हती.
मी 'खर्च'वर खूण केली.
कागदावर अंगठा उमटला, निळा.
आजचा लॉट निळा होता.