उभ्या गाडीचं चालणं

परतवाड्यात, लाकूडबाजाराच्या मागच्या गल्लीत
माझं दुकान. बॅटऱ्या, हॉर्न, टेप,
आणि तीन वर्षांपासून हे डबे:
साबणाच्या वडीएवढे, दोन वायरी, पोटात एक सिमकार्ड.
डॅशबोर्डखाली कोपरापर्यंत हात घालून मी ते बसवते
आणि मालकाच्या मोबाईलवर निळा ठिपका उगवतो.

गुल्हाने किराणावाले सकाळीच आले, मोबाईल पुढे धरून:
"पाय. काल रात्री गाडी धारणीले उभी.
बेठेकर म्हन्ते, मी झोपलो होतो.
मंग हे रातभर कोन फिरून रायलं?"

ठिपका खरंच फिरला होता.
गोदामापासून विहिरीपर्यंत, विहिरीवरून कुणाच्या तरी परसात,
तिथून शाळेच्या भिंतीतून आरपार,
पहाटे मुकाट्यानं परत.
डिझेलचे पैसे त्यांनी पगारातून कापूनही टाकले होते.

थांबा, म्हटलं.
नाल्यापलीकडे कुणी लाकूड फोडत असतं,
कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, ठोका मागून येतो.
किती मागून, त्यावरून नाल्याची रुंदी कळते.
वर तसंच आहे. वीस हजार किलोमीटरवर
घड्याळं फिरतायत, सेकंदभर चुकायला
त्यांना हजारो वर्षं लागतील.
ती एवढंच घोकतात: मी इथं आहे, आत्ता इतके वाजले.
तो बोल खाली पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग.
डबा उशीर मोजतो. एकीचा, दुसरीचा, तिसरीचा,
आणि चौथीचाही, कारण डब्याचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं,
त्याची चूक धरायला एक साक्षीदार जास्तीचा लागतो.

"म्हन्जे ते वरून पायत नाहीत?"
नाहीत. त्यांना तुमची गाडी ठाऊक नाही, बेठेकर ठाऊक नाही.
ठिकाण डबाच काढतो आणि टॉवर धरून तुम्हाला कळवतो.
"मंग चुकते कोन?"

ते बघायला धारणीला गेले. बेठेकरच्याच गाडीत,
पायाशी तेलाचे डबे, मांडीवर मीटर.
घटांगनंतर रेंज गेली.
तो वाटभर बोलला नाही. फक्त सेमाडोहला विचारलं:
"ताई, मी मुतायले उतरलो तं हे सांगते का?"
गाडी थांबली हे सांगतं, म्हटलं. का थांबली, ते नाही.
त्यानं मान हलवली, गिअर टाकला.

गोदामाला तिन्ही बाजूंनी पत्रे. नवे, डोळ्यात घुसणारे.
वरचा बोल त्यांच्यावर आपटतो, वळसा घालून डब्यात येतो.
वळसा म्हणजे उशीर. उशीर म्हणजे अंतर.
डब्याला वाटतं आपण दूर आलो.
गाडी पुढच्या पटांगणात लावून घेतली, उघड्या आभाळाखाली.
त्या रात्री ठिपका खुंटीला बांधल्यासारखा उभा.
बेठेकरला पैसे परत मिळाले. अर्धे.

मग वैशाखात गुल्हानेंचा फोन: ठिपका घटांगले अटकला!
अटकला नाही, म्हटलं. पुढे जंगलात टॉवर नाही,
डबा लिहून ठेवतोय. वाट पाहा.
हरिसालच्या पुढे कुठंतरी
रेंजची एखादी चिंधी सापडली असेल,
दोन तासांचे ठिपके एकदम सांडले,
ओळीनं, वेळेसकट.
सिपनाच्या पुलाजवळ अकरा मिनिटं. वेग शून्य. इंजिन बंद.
गुल्हानेंनी नुसतं "आला वाटते" म्हटलं.
मीही ती ओळ वाचून दाखवली नाही.

शनिवारी बेठेकर फ्यूज घ्यायला आला.
काउंटरवर फडक्यातून टेंभरं ओतली, पिवळीधमक,
एकदोन चेपलेली, चिकट.
"खाय. पुलापाशी एकच झाड गोड हाये."

फ्यूजचे दहा रुपये मी घेतले.