सत्तावीस नंबर

सोमवारी पोतं उघडलं
की मला मॅच कळते.
रेडिओ लावावा लागत नाही.

अठरा शर्ट, अठरा चड्ड्या, मोजे कधीच जोडीनं नाहीत.
गोलकीपरच्या कोपरांना चुना,
कप्तानाच्या बाहीवर दुसऱ्याचं रक्त,
डाव्या बॅकच्या पाठीवर अख्खं मैदान
म्हणजे तो पुन्हा चकला.
तीस वर्षं झाली. मॉन्तेविदेओच्या या टेकडीवर
बंदराचा वारा तोंडावर घेत
दुसऱ्या डिव्हिजनची माती मी गटारात सोडते आहे.

तो मार्चमध्ये आला.
मायकोल तेचेरा. ताक्वारेम्बोकडचा,
गुराख्याचा पोर, वय सतरा,
पाय असे फेंगडे की मधून कोकरू निघून जाईल.
सराव बघून आमचा गेटवाला वॉशिंग्तोन म्हणाला,
"नेलिदा, हा बॉलला हाक मारत नाही.
बॉल याला मारतो."
वॉशिंग्तोन दर मोसमात कुणाबद्दल तरी असं म्हणतो.

ट्रेनर मात्र त्याला पाण्यात पाहायचा.
मी काय, सगळ्यांनाच पाण्यात पाहते.

एप्रिल, मे, जून. शर्ट कोरा.
इस्त्रीची घडी जशीच्या तशी,
काखेत फक्त बाकावर बसल्याचा घाम.
तो वेगळा असतो, आंबट. धावलेल्याचा खारट.
तरी धुतला.
न धुता परत दिला असता
तर त्याला कळलं असतं.

जुलैत एकदा छातीवर, पोटावर चिखल.
मला इतका आनंद झाला की हातातला ब्रश खाली पडला.
मग भिजत घातला
आणि पाणी तांबडं झालं.

आमच्या मैदानाची माती काळी.
तांबडी फक्त बसथांब्यामागे,
नवी पाइपलाइन खणतायत तिथं.

पोरगं रात्री शर्ट घालून लोळून आलं होतं.
कुणाला दाखवायला? आईला फोटो धाडायचा असेल.
किंवा मलाच.
लोक डाग जावा म्हणून माझ्याकडे येतात,
यानं उसना आणला.
मी दोन पाणी जास्त घातली आणि गप्प बसले.
वॉशिंग्तोनलाही सांगितलं नाही,
आणि त्याला मी सगळं सांगते.

ऑगस्टात दोन फॉरवर्ड जायबंदी,
तिसऱ्याचं त्याच शनिवारी लग्न.
त्र्याऐंशीव्या मिनिटाला सत्तावीस नंबर उभा राहिला.
सात मिनिटं.
सोमवारी उजव्या कोपरावर कवडीएवढा डाग,
काळा.
तो शर्ट मी शेवटी घेतला. हातानं धुतला.

पुढचं पेपरात आहे: नऊ मॅच, सात गोल,
त्यातला एक पाठीवर आपटून, त्यालाही न कळता.
पेपरात नाही ते हे,
की शर्ट गळ्यापाशी फाटून यायला लागला.
कुणीतरी मागून धरतंय, ओढतंय,
म्हणजे पोराला किंमत आली.
लाल दोरा संपला होता, मी तपकिरी लावला.

डिसेंबरात सूट घातलेले दोघे आले. मग कागद, मग पोर्तुगाल.
निघताना तो धुलाईच्या खोलीत आला.
मातेचा पेला पुढे केला, त्यानं दोन घोट घेतले,
नळी चावत उभा राहिला.
"ते जुलैतलं..." म्हणाला.
मी मशीन सुरू केलं.
फार आवाज करतं आमचं मशीन.

आता टीव्हीवर दिसतो, कधीकधी, शेवटची दहा मिनिटं.
तिथलं गवत गालिच्यासारखं,
कुणाच्या अंगाला काही लागतच नाही.
वॉशिंग्तोन गोल शोधतो.
मी गुडघे.

सत्तावीस नंबर आता दुसऱ्याच पोराला दिलाय,
नाव अजून तोंडात बसलेलं नाही.
आज शर्ट आला. कोरा.
कोरे वेगळे धुवायचे असतात,
माझाच नियम.
बाकीच्यांच्या चिखलात ढकलला त्याला
आणि झाकण लावलं.