उजव्या पानावर

वही तीच, कंपनीतली, निळ्या रेघांची.
डाव्या पानांवर माझंच जुनं अक्षर:
तारीख, पाळी, टाकी क्रमांक तीन,
आम्लता, तापमान. शेरा: ठीक.
उजवी पानं कोरी राहिली होती.
तिथं आता मी पक्षी लिहितो.

दिवागावच्या जेटीवर पावणेसातला
सलोमी डिमेलो गमबूट वाटते.
वाशीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते ती,
आम्हा निवृत्तांनाही आठवीतल्या पोरांसारखं दटावते:
होडीत उभं राहायचं नाही.
बोट दाखवायचं नाही.
'अरे व्वा' मनातल्या मनात.

हरेश्वर मढवी आकाशाकडे बघतही नाही.
आज पंचमी. तिथीची पाऊणपट करतो:
'पावनेचारला भरली व्हती, धाला सुकंल.
तुमचं बेट आठाला डोकं काढंल.'

पाऊणपट मलाही येते.
कशासाठी शिकलो होतो, ते कुणी विचारलेलं नाही.

आणि आठाला खरंच पाणी सरकतं,
झोपेत कुणी कूस बदलावी तसं,
आणि खाडीच्या मधोमध वर येते
चिखलाची ओली पाठ.
बेट म्हणजे एवढंच. तीन तिवरं, एक टायर,
टायरावर ऊन खात बसलेल्या निवट्या.
दिवसातून दोनदा असतं, दोनदा नसतं.

आधी तुतवार उतरतात,
कुणी मूठभर कण्या उधळाव्यात तसे.
मग शेकाट्या, आपल्याच लाल पायांना जपत.
पाणटिवळे चोच मुळापर्यंत चिखलात घालतात,
टाकीत मोजपट्टी उतरवावी तशी,
आणि बाहेर काढून क्षणभर थांबतात,
जणू आकडा वाचतायत.

मग पुलाच्या बाजूनं रोहित.
आवाज आधी येतो, बदकांसारखाच, काही खास नाही.
रंग मागून येतो.

दहा मोजायचे. त्या दहांचा ठोकळा डोळ्यांत धरायचा
आणि थव्यावर ठेवत जायचं, फरशी बसवणाऱ्यासारखं.
मला जमतं.
बत्तीस वर्षं मोजण्याचाच पगार घेतला.

'जन्मतः राखाडी असतात,' सलोमी पुढच्या फळीवरच्या
चिमुरड्या शर्वला कुजबुजत सांगते,
'गुलाबी होतात ते खाण्यातून. शेवाळातून.
आणि शेवाळ कशावर वाढतं?'
'आपल्या घाणीवर,' शर्व म्हणतो,
बरोबर उत्तराच्या आनंदात, जरा मोठ्यानंच.

हरेश्वर वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवतो.
'पानी पन गुलाबी व्हयाचं तवा.
सकाली उठावं तं जाल्यात म्हावरं उलटं.
बापूस बोलं, कंपनीनं शिमगा खेललान.'
हसतो. राग नाही त्याच्या आवाजात,
असता तर बरं झालं असतं.

त्या रंगाचं नाव मला पाठ आहे,
पोत्यांवर छापलेलं असायचं.
रात्रपाळी. भरती पुरी होऊन
पाणी फिरण्याची वाट बघायची.
व्हॉल्व्ह डावीकडे, अडीच वेढे.
उजाडेपर्यंत ओहोटी सगळं घेऊन जायची,
म्हणजे मला तसं वाटायचं,
आणि मी लिहायचो: ठीक.

'काका, किती झाले?'
सहाशे चाळीस म्हणायला तोंड उघडतो
तोच घार खाली येते
आणि बेट उडून जातं.
काळी किनार असलेले ते सगळे पंख एकदम,
एक ठोकळा हलला की दुसरा, तिसरा,
मोजलेलं न मोजलेल्यात मिसळून गेलं.

'असू दे, अंदाज लिहा,' सलोमी म्हणते.

उजव्या पानावर लिहितो:
रोहित, सहाशे चाळीसच्या वर.
पाणटिवळे एकशे दहा. शेकाट्या बावन्न.
तुतवार: मोजता आले नाहीत.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन थांबतं.
एक शब्द बोटांना सवयीचा आहे. तो लिहीत नाही.
लिहितो: व्हॉल्व्ह, डावीकडे, अडीच वेढे.

संध्याकाळी सलोमी सगळ्यांच्या वह्या गोळा करेल,
चष्मा कपाळावर चढवून
ओळीवर बोट ठेवेल आणि विचारेल,
काका, हा कुठला पक्षी?