शिल्लक

मंडळाच्या घटनेत उद्देश लिहिला आहे
चार ओळींत, वकिली मराठीत:
पेठांचा स्थानिक इतिहास जतन करणे,
त्या कामी साहाय्य करणे, इत्यादी.
त्या 'इत्यादी'त आमची सत्तावीस वर्षं गेली.

मी खजिनदार. माझ्याकडे एक पावतीपुस्तक,
बिस्किटांचा एक डबा, त्याला कुलूप नाही,
आणि दर सप्टेंबरात धर्मादाय कार्यालयाच्या जिन्यावर
स्वतःच्याच गुडघ्यांशी होणारी बोलाचाली.
कागदावर सभासद एकसष्ट. शनिवारी येतात पाच.
विल्यम साळव्यांना ऐकू कमी येतं,
म्हणून आमचे ठराव मोठ्याने मंजूर होतात.

आजवरचा सगळ्यात मोठा खर्च
एका रेघेपायी झाला.
नारायण पेठेत, नदीकडे उतरणाऱ्या बोळात
एका भिंतीवर होती ती. तपकिरी, बोटभर रुंद.
एकसष्टच्या बारा जुलैला पाणी जिथे थांबलं
आणि, इंदू पोटफोडे सांगतात, जरा विचारात पडलं,
तिथे.
इंदूताई तेव्हा नऊ वर्षांच्या.
आजही कोणी नळ सुरू ठेवून गेलं
की हातातलं टाकून उठतात.

भिंत पडणार होती. बिल्डर भला निघाला, चहा दिला,
म्हणाला, रेघ हवी तर घेऊन जा.
यास्मिन बागवानने लेक्चर बुडवून छिन्नीवाला आणला
(अठराशे रुपये, पावती नाही, ऑडिटरची एक भुवई वर).
दोन बाय तीनचा गिलावा सुटून आला.
गोधडीत गुंडाळून रिक्षात मधोमध बसवला.
रिक्षावाल्याने विचारलं, पेशंट आहे का?
आम्ही हो म्हणालो.

जागा मिळेपर्यंत माझ्या पलंगाखाली, असं ठरलं.
रात्री दिवा मालवल्यावर लक्षात आलं:
आपण रेघ आणली.
उंची तिथेच राहिली.
इथे चपलांच्या शेजारी
तो पूर कुणाच्या घोट्यालाही लागत नव्हता.

पुढच्या शनिवारी वसंत माळवद्यांनी वही काढली.
चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस,
टेप गळ्यात नसेल तर मान उघडी वाटते म्हणतो.
छाती अडतीस, बाही साडेतेवीस,
आणि त्याखाली त्याच अक्षरात, त्याच निळ्या पेन्सिलीने:
पाणी. रस्त्यापासून सात फूट चार.
कधी मोजलंत, विचारलं.
म्हणाले, दिसलं की मोजतो.

आता तिथे पार्किंग आहे, वर सात मजले.
दर बारा जुलैला आम्ही खडू घेऊन जातो.
यास्मिन डांबराचे नवे थर वजा करते,
माळवदे टेप धरतात, इंदूताई लांब उभ्या राहतात.
पहिल्या वर्षी सेक्रेटरींनी लेखी अर्ज मागितला.
दिला, जावक क्रमांकासह.
दुसऱ्या दिवशी वॉचमनने ओल्या फडक्याने खांब पुसला.
पाण्याची रेघ, पाण्यानेच गेली.
त्याचं काय चुकलं? त्याला स्वच्छतेचा पगार मिळतो.
दुसऱ्या वर्षीही पुसली.

यंदा माळवद्यांचा हात वर जाईना.
वॉचमनच खुर्चीवर चढला. मारोती गुट्टे, लोह्याकडचा.
तिकडे पाणी टँकरने येतं, म्हणाला, आणि रेघ मारली.
उतरला. मागे सरकून पाहिलं.
रेघेकडे. मग आपल्या खुर्चीकडे.
मग भिंतीवरच्या मीटरच्या खोक्यांकडे,
बराच वेळ.
"हे सगळं खालीच आलं की हो," म्हणाला,
आणि सेक्रेटरींना फोन लावायला बाहेर गेला,
रेंजसाठी, नदीच्या बाजूला.

बाकी हिशेब नेहमीचाच.
खडू, एक पेटी: पंधरा रुपये.
त्यातले सहा उरलेत.