आकसपट्टी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
पत्र्याच्या शेडमध्ये हे धूड आणलं
तेव्हा त्याच्या पोटावर कुठल्यातरी कंपनीचा नंबर होता,
अर्धा खरवडलेला.
बेंगळुरात तीन वर्षं कुणाच्या मांडीवर तापलं कोण जाणे.
मला पडलं शहाऐंशी हजाराला,
चार्जरसकट. चार्जर म्हणजे वीटच,
पिशवीत घातली की एक खांदा खाली येतो.

उघडलं, आणि काही दिसेचना.
म्हणजे दिसत सगळंच होतं:
अडतीसशे चाळीस गुणिले एकवीसशे साठ ठिपके,
पंधरा इंचांत मांडीला मांडी लावून बसलेले.
फ्लँजची कड सुरीनं कापल्यासारखी,
आणि बटणं खसखशीएवढी.
अडीचशे टक्के मोठं कर म्हटलं,
विंडोज झालं मोठं,
माझं पॅटर्नचं जुनं सॉफ्टवेअर मात्र
होतं तेवढंच, कोपऱ्यात, रुसल्यासारखं.

मग ड्रायव्हर.
रविवारी नवा घातला,
सोमवारी पंपाचं केसिंग जरा फिरवलं की पडदा काळा.
आई डबा घेऊन आली होती. म्हणाली,
ड्रायव्हर नाही म्हणून काम थांबलंय होय?
यल्लाप्पाला विचारू की, टेम्पो घरीच उभा आहे त्याचा.

दोन शेड सोडून गंगय्या हिरेमठ, त्याचंही मशीन हेच.
पेनड्राइव्ह घेऊन आला, खुर्ची ओढली,
होसदु ब्याडरी, म्हणाला, हळेदु चलो ऐती.
नवं नको, जुनंच बरं.
तीन वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर घातला,
केसिंग फिरलं, लोण्यासारखं.
चहा पिताना दोघांच्या फाइली शेजारी उघडल्या:
त्याचं नाव कानडीत, माझं मराठीत,
आणि त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही सारखीच.
?????
?????
गंगय्या एवढा हसला की चहा सांडला.
कीबोर्डवर नाही, नशीब.

अप्पा गुरुवारी आले.
चाळीस वर्षं सागवानात पॅटर्न कोरले त्यांनी,
आता गुडघे नाही म्हणतात.
खिशात आकसपट्टी अजून असते,
बिडाची, मीटरला दहा मिलिमीटर जास्त,
कारण ओतलेलं बीड थंड होताना अंग चोरतं
आणि ते आधीच धरून चालावं लागतं.
ह्या पट्टीनं कापड मोजलं तर दुकानदार बुडेल,
हा त्यांचा विनोद मी पहिलीपासून ऐकतेय.

पडद्यासमोर बसले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
ह्यातला मीटर खरा, का आमच्यासारखा?
काय सांगू.
इथं खरा काहीच नाही, अप्पा.
अडीचशे टक्के पडदा, शंभर टक्के सॉफ्टवेअर,
आकस मी वेगळा टाकते, एक टक्का,
आणि बॅटरीवर गेलं की मोठं कार्ड झोपतं
आणि धाकटं कार्ड सांभाळतं दुकान.
ते ऐकत नव्हते.
वाकले होते, भिंगाखाली नाणं धरतात तसे.
मग बोट ठेवलं, थेट काचेवर:
ही फासळी उभी आहे.
मातीतनं काढताना साचा मोडेल.

जुन्या मॉनिटरवर आठ दिवस मी हीच फासळी बघत होते.
तिथं ती जाड रेघ होती, बस.
इथं तिच्या दोन्ही कडा दिसत होत्या,
अगदी समांतर. उतार नव्हताच.

तेवढ्यात वीज गेली.
पंखा थांबला, पडदा एक पायरी मंद झाला,
कोपऱ्यात आकडा: बावन्न मिनिटं.
अप्पा म्हणाले, हे चालूच आहे की!
मी दीड अंशाचा उतार दिला. दोन्ही बाजूंनी.
धाकट्या कार्डानं कुरकुरत, थांबत थांबत
फासळी कलती केली.

काचेवर बोटाचा ठसा राहिलाय,
बाजूनं बघितलं तर दिसतो. पुसायचं राहून जातं.
फाइलला नाव दिलं: लुमाण्णा.
सॉफ्टवेअरनं ते वाचलं
आठ प्रश्नचिन्हांत,
उकार, काने, जोडाक्षर,
सगळं सुटं सुटं मोजून.