इनलेट

सकाळी सव्वासात. लॅबमध्ये मी एकटी.
मरोळ गावठाणातल्या बेकरीचा वास
एसीच्या जाळीतून आत येतो, खुर्चीपर्यंत पोचतो.
यंत्राला त्याचं काही नाही.
त्याला फक्त टोचलेलं कळतं.

अडीचशेवरून खाली आणते.
चाळीस म्हणजे चाळीस; साठला हात लावला
त्याचा डाग तर्जनीवर आहे, दोन हजार अकरापासून.
कोरिया सर तेव्हा बर्फ आणायला धावले नाहीत.
म्हणाले, भाकरी तरी फुंकून खातेस ना?

हीलियम बंद. नट सैल. चिमट्यात सेप्टम:
टिकलीएवढं हिरवं रबर,
मधोमध चाळण झालेली.
शंभर टोचण्यांचं हे काम नाही.
भिंगाखाली धरलं तर पलीकडची ट्यूबलाइट दिसते.

लायनर उपसला. आतल्या काचेच्या कापसावर
रबराचे कण, रव्यासारखे,
आणि कढईच्या बुडाला धरतो तसा तपकिरी कीट:
मिरचीपूड, धणे, हळद,
परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पोत्यानं
इथे थोडं थोडं ठेवलेलं.

वही काढली.
चौदा तारीख. सेप्टम बदललं. लायनर बदलला. गळती नाही.
‘ळ’ची गाठ उलटीकडून घातलेली.
अशी गाठ या मजल्यावर
एकच बाई घालते.

बाबांच्या पायाचं प्लास्टर त्या दिवशी काढायचं होतं,
असं म्हणाले असते. पण ते अठराला.
चौदाला काही नव्हतं.
पाऊणे सहा वाजले होते, नट गरम होता,
आणि मला कंटाळा आला होता.

जुईलीनं विचारलं होतं परवा,
मॅडम, काहीच टोचलं नाही तरी
नऊ मिनिटांना हा उंचवटा कसला?
सॉल्व्हंटमधलं असेल, म्हटलं मी.
नवीन मुलगी. तिनं मान डोलावली,
आणि वहीत लिहून घेतलं.

कॉलम सोडवते. केसाएवढी नळी,
खापरीच्या धारेनं ओरखडा, हलकेच टक्.
वीतभर तुकडा कचऱ्यात.
टोक वाकडं आलं. पुन्हा.
दर खेपेला तो आखूडतो,
शिखरं जराशी लवकर येऊ लागतात,
आणि सगळ्यांच्या वेळा नव्यानं बसवाव्या लागतात.

नवा लायनर, नवी ओ-रिंग. फेरूल बोटानं आवळायचा,
मग पान्यानं पाव फेरा, हावरटपणा नको.
गळती शोधायचा डबा गप्प राहिला.
हे आज खरंच पाहिलं.

मग रिकामी धाव. वीस मिनिटं
खुर्चीत बसून ती रेघ बघितली.
सात. आठ. नऊ.
साडेनऊ.
सपाट.

वहीतल्या चौदा तारखेवर एकच आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी. नियम तसाच आहे,
खोडायचं पण लपवायचं नाही.
सही. आजची तारीख.
कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
‘नजरचूक’ लिहायला घेतलं, ‘न’वर पेन थांबलं.
त्या ‘न’वरही मग रेघ मारावी लागली.
‘कंटाळा’ मावतो.

लिफ्टचा आवाज. जुईली असेल.
फ्रीज उघडते: अकरा दिवसांच्या त्रेसष्ट कुप्या,
सगळ्यांचे अहवाल माझ्या सहीनं गेलेले.
पहिला ट्रे बाहेर काढून ठेवते.
थंडगार आहेत अजून. बाहेरून घाम सुटतोय.